डिशसमोरचा शेवगा

ही गोष्ट सांगायची मी सहा वर्षं टाळली. त्यासाठी फार काही करावं लागलं नाही, कारण कोणी विचारतच नव्हतं. वहिनीच्या अंगणातला शेवगा वाऱ्याने मोडला, असं आमच्या वस्तीवर सगळ्यांनी धरलं होतं. शेवग्याचं लाकूड ठिसूळ, तो वाऱ्याने मोडतोच. त्यात विचारण्यासारखं काय असणार?

गेल्या महिन्यात वहिनी गेली. दहाव्याला नदीवर भाषणं झाली. आमच्याकडे ती होतातच. माणूस कसाही असो, दहाव्याला माईकसमोर तो चांगलाच ठरतो. वहिनी खरोखर चांगली होती, त्यामुळे बोलणाऱ्यांना फार शोधाशोध करावी लागली नाही. पण तिचं झाल्यावर ते माझ्याकडे वळले. एक जण म्हणाला, "दीर असावा तर असा. सोताच्या भिंतीवरचा टीव्ही काढून भावजयीच्या खाटंसमोर लावला. दाखवा असा दुसरा दीर!" लोकांनी माना हलवल्या. माझी पुतणी, वहिनीची एकुलती एक मुलगी, माझ्याकडे बघून हात जोडून रडली. मी उपरण्याने तोंड झाकलं. लोकांना वाटलं, मला रडू आलं. मी तोंड लपवत होतो.

त्याच दिवशी ठरवलं की हे लिहायचं, आणि सगळ्यांत आधी पुतणीला वाचायला द्यायचं.

वहिनी लग्न होऊन आमच्या घरात आली तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. आई आदल्याच साली गेली होती. भाऊ माझ्यापेक्षा खूप मोठा, दिवसभर रानात. वहिनी जेमतेम अठराची. घरात आल्या दिवसापासून ती मला 'भावजी' म्हणायची, आणि 'तुमी'. रीतच होती तशी, दीर केवढासाही असो. माझं शेंबडं नाक पदराने पुसतानाही ती म्हणायची, "भावजी, जरा जोरात शिंकरा." मी मात्र तिला 'अगं वैनी' म्हणायचो, जसं आईला म्हणालो असतो तसं. हा उलटा मान आमच्यात शेवटपर्यंत राहिला.

दहावीनंतर भावाने मला शेतात घ्यायचं ठरवलं. ऊस वाढलेला, माणसं कमी, त्याचंही चूक नव्हतं. वहिनी चुलीपाशी भाकरी थापत होती. तिथूनच म्हणाली, "त्यांच्या हाताला पाना शोभतोय. इळा न्हाई शोभत." नवऱ्यापुढे ती असं मध्ये कधी बोलायची नाही, म्हणून भावाने तिचं ऐकलं. झालं होतं असं की महिनाभरापूर्वी मी विहिरीवरची मोटर उघडून परत जोडली होती, आणि ती चालली होती. भावाला फक्त मोटर चालल्याचं कळलं. कोणी चालवली, हे वहिनीने पाहून ठेवलं होतं. मी नगरला आयटीआयला गेलो, फिटर झालो, आणि साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये नोकरीचं सगळं आयुष्य काढलं. माझं घर, मुलाचं शिक्षण, म्हातारपणची पेन्शन, सगळं त्या चुलीपुढच्या एका वाक्यावर उभं आहे. हे मी कोणालाही सांगायला तयार असायचो. वहिनीला मात्र कधी सांगितलं नाही.

पुढे भावाची आणि माझी वाटणी झाली, पण अंगण एकच राहिलं. दोन दारं, मध्ये कुंपण नाही. भाऊ हृदयविकाराने गेला, पुतणी लग्न होऊन गेलेली. वहिनी तिच्या घरात एकटी राहायची, स्वतःचं स्वतः करायची. "हात चालत्यात तोवर चालू द्या," म्हणायची.

तिच्या बाजूच्या कोपऱ्यात शेवगा होता. पुणतांब्याला तिच्या माहेरच्या विहिरीपाशी एक झाड होतं, त्याचा फाटा तिने एका वर्षी ओल्या पोत्यात गुंडाळून एसटीतून आणला होता. मांडीवर आडवा धरून बसली होती. कंडक्टर म्हणाला होता, "मावशी, ह्याचं अर्धं तिकीट फाडू का?" ही गोष्ट ती दर वर्षी पहिल्या शेंगा उतरवताना सांगायची, आणि दर वर्षी तेवढीच हसायची. माहेरचं ते मूळ झाड नंतर गेलं. हा फाटा मात्र असा धरला की सगळ्या वस्तीला शेंगा पुरून उरायच्या. उरलेल्या ती बाजारला जाणाऱ्या एका भाजीवालीकडे द्यायची. त्यातून तिची चहापत्ती आणि मिश्री यायची. तेवढ्यासाठी तिला कोणापुढे हात पसरावा लागत नसे.

आता टीव्हीचं.

माझा मुलगा सुप्याला कंपनीत आहे. सहा वर्षांपूर्वी, माघ महिन्यात, त्याने फोन केला. "आबा, जुना डबा काढून टाका. एचडी टीव्ही धाडतोय. माणसाच्या मिशीचा केस न् केस दिसतो." पाठोपाठ त्यानेच कळवलं म्हणून डिशवाला नवा बॉक्स घेऊन आला. टीव्ही अजून यायचा होता, तेव्हा त्याने बॉक्स आमच्या जुन्या टीव्हीलाच लाल, पिवळ्या, पांढऱ्या तीन वायरींनी जोडला. जाताना एक काळी, जाडसर वायर पिशवीत घालून दिली आणि काहीतरी सांगितलं. मी तेव्हा त्याची शिडी धरून तिचा ढिला झालेला नट बघत होतो. बायकोने पिशवी घेतली आणि गॅरंटीच्या कागदांबरोबर कपाटात ठेवून दिली. आमच्या घरात नव्या वस्तूचं पहिलं काम जपणं हे असतं. वापरणं नंतर.

दोन दिवसांनी टीव्ही आला. तो लावायला आलेला माणूस चांगला होता. पाणपातळी लावून भिंतीवर पट्टी ठोकली, केसाचाही फरक नाही. मी फिटर, मला हात कळतात. मग त्याने टीव्हीतच भरलेलं कसलंसं चित्र दाखवलं, पोपट, पाण्याचे थेंब, कापलेलं डाळिंब. दाण्यातला रस दिसत होता. बायको म्हणाली, "अगं बाई, हात लावावा वाटतोय." तो माणूस म्हणाला, "डिशचं डिशवाला बघील," आणि गेला.

डिशवाल्याला कशाला बोलवायचं? मी जुन्या टीव्हीच्या तीन वायरी काढल्या, नव्याच्या पाठीमागे तसलीच तीन भोकं होती, त्यांत घातल्या. लालला लाल, पिवळ्याला पिवळी. चित्र आलं. पण पोपटासारखं नाही. सगळं धुरकट, आणि माणसं आडवी ताणलेली.

बायको बघत राहिली. "ही बातम्यावाली बाई आठ दिवसांत एवढी कशी काय सुटली वो?"

त्याच संध्याकाळी मी वर्कशॉपमधल्या दोघा जुन्या सोबत्यांना मुद्दाम बोलावून ठेवलं होतं. एकाने चष्मा काढून पुसला, परत लावला, परत काढला. म्हणाला, "फिटर, ह्यो चष्मा आमी लावायचा का टीव्हीला?"

दुसरा म्हणाला, "आरं, डबा बरा हुता तुझा. निदान मान्सं बारीक हुती."

दोघं चहा पिऊन हसत गेले. मीही हसलो. पण मला ते लागलं. कारखान्यात तीस-पस्तीस वर्षं 'फिटरला बोलवा' हेच ऐकलेला माणूस मी.

माझ्या वयाच्या लोकांना एक गोष्ट पक्की ठाऊक आहे. चित्र खराब आलं तर दोष छपरावर असतो. पूर्वी ॲल्युमिनियमच्या काड्यांची अँटेना असायची. मी वर चढून ती फिरवायचो, भाऊ आत टीव्हीसमोर, आणि वहिनी दारात उभी राहून आतलं बाहेर ओरडायची. "आलं! आलं! गेलं. भावजी, जरा मागं. मुंग्या आल्या. हां, थांबा, हलू नका!" समोर झाड आलं, चित्र गेलं. कावळा बसला तरी गेलं. हे आमच्या हाडात बसलेलं. डिशचं तसं नसतं. तिथे चित्र एक तर येतं, नाही तर चौकोन चौकोन होऊन थांबतं. धुरकट येण्याशी झाडाचा संबंधच नसतो. हे मला नंतर कळलं. एक फोन केला असता तर त्याच दिवशी कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घराच्या सपाट धाब्यावर चढलो. डिशच्या तोंडासमोर, जरा खाली, शेवग्याची मोठी फांदी हलत होती. फुलांनी पांढरी झालेली. मला वाटलं, सापडलं.

वहिनी पुणतांब्याला गेली होती, भाच्याच्या लग्नाला. चार दिवसांनी येणार होती. चार दिवस थांबायला काय हरकत होती, हे मी नंतर स्वतःला पुष्कळ वेळा विचारलं. फोनही करता आला असता. तिला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, "तोडा की, भावजी. इचारताय काय?" आयुष्यात तिने मला एकदाही नाही म्हटलं नव्हतं. आणि हेच मी कारण धरलं. ती हो म्हणणारच आहे, मग विचारायचं कशाला. माणसाच्या चांगुलपणाचा असाही वापर करता येतो.

मी करवत घेतली. बायको वहिनीला आक्का म्हणते. ती म्हणाली, "आक्कांना इचारलं का?"

"आल्यावर सांगतो."

"फुलावर हाय झाड."

"शेवगा छाटला की जोरात फुटतो. तुला काय कळतंय?"

जड फांदी तोडताना आधी खालून खाच घ्यायची, मग वरून कापायचं, म्हणजे साल सोलत जात नाही. शेतकऱ्याच्या पोराला हे माहीत असतं. घाईत मी वरूनच कापत गेलो. अर्ध्यातच फांदी स्वतःच्या वजनाने खाली आली, आणि येताना तिने बुंध्याची साल आणि आतलं लाकूड थेट मुळापर्यंत फाडत नेलं. आवाज मोठा झाला नाही. ओलं कापड टरकावं तसा झाला. झाडाच्या उरलेल्या अर्ध्या भागावर फुलं तशीच होती, मधमाश्याही होत्या.

मी खाली उतरलो आणि टीव्ही लावला. बातम्यावाली बाई तेवढीच सुटलेली, तेवढीच धुरकट.

आता मी जे लिहिणार आहे, त्याच्यासाठीच हे सगळं लिहिलं. झाड चुकून फाटलं असं एकवेळ म्हणता येईल. पण मी कुऱ्हाड आणली आणि फांदीच्या बुडाशी, तसंच झाडावरच्या खुंटाशी, करवतीने सपाट कापलेला जो भाग होता तो ठेचून काढला. मोडल्यासारखा दिसावा म्हणून. माझे हात नीटनेटक्या कामाचे. त्या हातांनी मी मुद्दाम वाईट काम नीटनेटकं केलं. बायको दारात उभी होती. बघितलं आणि आत गेली.

वहिनी आली. हातात लग्नातल्या लाडवांची पिशवी. अंगणात थांबली, झाडाकडे बघितलं.

"काय झालं, भावजी?"

"वारं आलं हुतं, वैनी. चार दिस झाले. लई जोराचं."

ती झाडापाशी गेली, फाटलेल्या बुंध्यावर हात ठेवला. मला वाटलं, आता ठेचलेल्या जागेकडे बघेल. ती वर बघत होती, माझ्या छपराकडे. म्हणाली, "बरं झालं बाई, तुमच्या डिशवर न्हाई पडली. नवा टीव्ही आला म्हणत्यात ना?"

मग विचारलं, "फाटे ठेवले का दोन? दुसरीकडं खोचले असते."

मी सगळी फांदी तोडून बांधावर टाकली होती, उन्हात. चार दिवसांत फाटे वाळून गेले होते. खुणा नकोत म्हणून केलेलं काम, त्यात तेही गेलं. मी म्हणालो, "ध्यानात न्हाई आलं." ती म्हणाली, "व्हय, तुमी तरी काय काय बघनार."

उरलेल्या अर्ध्या झाडाची फुलं तिने संध्याकाळी काढली. "अर्धं झाड एवढं वझं कसं धरनार? जरा हलकं करते." त्या फुलांची भाजी केली, मुगाची डाळ घालून, लहानपणी मला आवडायची तशी, आणि वाटी आमच्याकडे धाडली. मी ती खाल्ली. पुसून खाल्ली, कारण बायको बघत होती आणि मला काही झालेलं नाही असं दाखवायचं होतं.

पुढच्या रविवारी मुलगा आला. टीव्हीच्या मागे हात घालून बघितलं आणि कपाळाला लावला. "आबा! ह्या कुठल्या वायरी लावल्या? हे म्हणजे नव्या ट्रॅक्टरला बैल जुपल्यासारखं झालं. पिशवीत काळी वायर दिली न्हवती का?" बायकोने कपाटातून पिशवी काढून दिली, गाठसुद्धा सुटलेली नव्हती. त्याने ती वायर लावली, एचडीचे चॅनेल वेगळ्या नंबरावर असतात ते दाखवलं, आणि चित्र उघडलं. खरोखर उघडलं, दुसरा शब्द नाही. घर उजळल्यासारखं झालं.

वहिनी तेव्हा तिथेच होती, भिंतीला टेकून, नेहमीसारखी खाली बसलेली. दोन्ही हात गालांवर घेऊन म्हणाली, "आगं माय! पदराचा धागा दिसतोय की! भावजी, ही सून मोठ्या घरची म्हनत्यात, पन काठ खऱ्या जरीचा न्हाई हां."

मुलगा हसला. बायकोही हसली. मी काळ्या वायरीकडे बघत होतो. वीतभर पुढे कपाटात होती ती. झाड उगाच गेलं होतं.

पावसाळ्यात बुंध्याच्या चिरेत पाणी मुरलं आणि उरलेलं झाडही कुजलं. वहिनीने एका सकाळी ते स्वतःच पाडून घेतलं. त्या जागी तुळशीच्या बाजूला थोडी मोकळी जमीन राहिली, तिथे ती कोथिंबीर लावायची. शेंगा गेल्यावर चहापत्ती मी आणून द्यायला लागलो. ती घ्यायची, पण पहिल्यांदा घेताना म्हणाली, "आता तुमच्यावर भार." भार हा शब्द तिने माझ्यासाठी वापरावा!

तरीही ही सहा वर्षं मला मिळालेली चांगली वर्षं होती, हे लिहिलं नाही तर दुसरं खोटं होईल. वहिनी रोज दिवेलागणीनंतर यायची. येताना कधी भाजलेले शेंगदाणे, कधी उकडलेलं रताळं. मालिकेतल्या सासवांना ती सरळ रागवायची: "अगं, तोंड हाय का भोंगा?" एकदा नदीकाठच्या कुठल्याशा गावाचा कार्यक्रम लागला, पाण्यावरची प्रत्येक लाट सुटी दिसत होती. ती सरकत सरकत टीव्हीच्या अगदी पुढ्यात गेली. पुणतांब्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. म्हणाली, "गंगेला पूर आला की आमच्या गावाचा घाट आसा दिसायचा. मी परत बघंन असं वाटलं न्हवतं." मागे वळून मला म्हणाली, "लई उपकार झाले, भावजी." आईविना पोराला जिने वाढवलं, ती माझे उपकार मानत होती. त्या टीव्हीने मला तिच्याशेजारी रोज दोन तास बसवलं. लहानपणी चुलीपाशी बसायचो तसं. तेवढ्यासाठी मी त्या टीव्हीचा आभारी आहे, आणि मुलाचा, आणि बायकोचाही. बायकोने तोंडातून एक शब्द बाहेर जाऊ दिला नाही. मला मात्र ती अधूनमधून सांगायची, "बोलून टाका. आक्का रागवायच्या न्हाईत."

रागावणार नाही, हीच तर अडचण होती. ती रागावली असती तर मी कधीच बोललो असतो. ती म्हणणार, "मग काय झालं, भावजी," आणि माझं ओझंही स्वतःच उचलणार. ते मला नको होतं, असं मी स्वतःला सांगत राहिलो. खरं एवढंच की मी भीत होतो.

गेल्या वर्षी ती अंगणात पडली, खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यातून आली ती खाटेवरच. मग मी टीव्ही उतरवला आणि तिच्या खोलीत लावला. डिशची वायर धाब्यावरून तिच्या खिडकीत नेली. पाणपातळी लावली, पट्टी स्वतः ठोकली, या वेळी काळी वायर आधी हातात घेतली. लोक ज्या टीव्हीबद्दल दहाव्याला बोलले, तो हा. ते त्याला माया म्हणाले. माया होतीच. पण प्रत्येक स्क्रू पिळताना मी आणखीही काहीतरी फेडायला बघत होतो, आणि ते स्क्रूने फिटणारं नव्हतं.

जायच्या आदल्या दिवशी दुपारी मी तिच्यापाशी बसलो होतो. टीव्हीवर भाज्यांचा कार्यक्रम चालला होता. मी आवाज बंद केला. तिने मान वळवली.

"वैनी," मी म्हणालो, "तुझा शेवगा..."

"व्हय," ती म्हणाली, "लई धरायचा." डोळे मिटून थोडी हसली. कंडक्टरचं आठवलं असावं. "भावजी, तुमी जेवलात का?"

"जेवलो."

"मग आवाज लावा की. मुक्या बाईकडं काय बघायचं?"

मी आवाज लावला. दुसऱ्या दिवशी उजाडताना ती गेली.

बायको आता म्हणते, "आक्कांना माहीत असंल. झाडावर हात फिरवून कळत न्हाई का, वारं कुठलं आन् कुऱ्हाड कुठली?" असेलही. मला त्याचा आधार घ्यायचा नाही. तिला ठाऊक असणं हे तिचं मोठेपण झालं असतं. सांगायचं काम माझं होतं, आणि ते राहिलं.

बोलायचं होतं ते फार लांब नव्हतं. मी ते मनात इतक्या वेळा म्हटलंय की त्यातला एकही शब्द इकडचा तिकडे होत नाही. त्या दुपारी, आवाज बंद होता तेव्हा, एवढंच म्हणायचं होतं: वैनी, त्या दिवशी वारं न्हवतं. शेवगा मी तोडला, तुला न इचारता, आन् तोडल्याली खूण लपवली. माझं चुकलं. मला माफ कर.